सगळ्यात खाली

त्सिटाऊत पहिलीचा पहिला दिवस शनिवारी असतो
आणि त्या दिवशी पोराच्या कवेत
त्याच्या कमरेइतका साखरशंकू लागतो.
दुकानात मिळतो. बारा युरो, वर चकाकती परी.
मेरलेला गोगलगाय हवी होती.
गोगलगाय कुठल्याच दुकानात नव्हती.

ग्रिटची इस्पितळात रात्रपाळी,
म्हणून मशीनपुढे मी,
छपरांवर कौलं चढवणारा माणूस,
सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना
जीभ बाहेर काढून बसलेला.

कापड आईकडचं.
तिच्या कपाटात अजून गिरणीचे टॉवेल आहेत,
काठाचा एखादा धागा चुकलेले,
म्हणून कामगारांना निम्म्या भावात मिळालेले.
हिरवा घे, म्हणाली, हिरवा विटत नाही.
आणि टीप उलट्या बाजूनं घाल.
हे जिन्यात पुन्हा सांगितलं,
मग फोन करून तिसऱ्यांदा.

पहिला शंकू उसवला.
दुसऱ्याला टोकच आलं नाही, त्याचा मोजा झाला.
तिसऱ्यात मी माझी बाही शिवून टाकली
आणि मेरले जमिनीवर लोळून हसली,
"बाबा शाळेत चालला, बाबा शाळेत चालला."

कवच करड्या फ्लॅनेलचं, गोल गोल.
डोळ्यांना माझ्या कामाच्या शर्टाची दोन बटणं.
"पाय?" मी विचारलं.
"पोटात असतात," ती म्हणाली,
एवढं कसं माहीत नाही, अशा सुरात.

पहाटे ग्रिट आली, बूट न काढताच बघत राहिली.
"हा... कान आहे का?"
मेरलेनं मान वाकडी करून विचार केला.
"हो. तिला सगळं ऐकू येतं."

टोकात खाऊ घालत नाहीत. चॉकलेट चुरतं, टोक दबतं.
तिथं वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे.
कोंबता कोंबता मला माझा शंकू आठवला, ब्याण्णव सालचा,
लाल पुठ्ठ्याचा. गळ्यापर्यंत कागदच कागद,
वर सहा टॉफ्या, एक सफरचंद, एक खोडरबर.
शेजारच्या फाल्कोच्या शंकूत बॅटरीवरची गाडी.
मी आईशी दोन दिवस बोललो नव्हतो.

शनिवारी आईच्या परसात टेबलं जोडली.
आलुबुखाऱ्याचा केक, त्यावर गांधीलमाश्या,
ग्रिटचे वडील खुर्चीतच डुलकी काढत.
मेरले एकेक वस्तू काढून गवतावर मांडत गेली,
रंगपेट्या, भिंग, शिट्टी,
शेवटी हात खांद्यापर्यंत आत,
आणि बोळा बाहेर.

मला वाटलं, फेकेल.
तिनं तो मांडीवर उलगडला,
तळहातानं इस्त्री केली
आणि बोट फिरवत शोधू लागली:
"इथे माझा म आहे! बाबा, इथे पण!"

आईचा कप ओठांपाशीच राहिला.
"तूसुद्धा असाच उलगडला होतास,"
ती माझ्याकडे न बघता म्हणाली.
"माझा जीव घशात आला.
गिरणी बंदची बातमी होती त्या पानावर.
घरात कुठं ठेवू ते सुचेना.
म्हटलं, जाऊ दे सगळ्यात खाली."

"मग?"

"मग काय. तुला वाचता कुठं येत होतं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी केकवरची गांधीलमाशी हाकलली.
गवतात मेरलेला चौथा म सापडला होता
आणि ती तो ग्रिटच्या वडिलांना
झोपेतून उठवून दाखवत होती.

आई उठली. रिकामा शंकू हातात घेतला,
आतली बाजू बाहेर केली,
शिवणीवरून नख फिरवलं.
"दोन टाके सुटलेत," म्हणाली,
आणि पर्समधून सुई काढली.